मदत हवी आहे: दोन्ही लॅच (खिट्ट्या) लावूनही विमानाच्या गॅलीतली, म्हणजे स्वयंपाकघरातली, ट्रॉली हलते

प्रश्न
उड्डाणापूर्वीच्या तपासणीत एका कप्प्यातली पूर्ण आकाराची ट्रॉली दोन्ही लाल लॅच लावूनही बोटभर पुढेमागे होते. ब्रेक दाबला की थांबते. तेवढ्यावर चालेल का? शेजारच्या खोल कप्प्यात अर्ध्या आकाराची एकच ट्रॉली आहे, तिचं काय?

उत्तर १
नाही चालणार. ब्रेक असतो तो ट्रॉली पॅसेजमध्ये उभी करण्यासाठी: लाल पेडलने चाकं अडतात, हिरव्याने सुटतात. कप्प्यात तो लावायचाच, पण भार लॅचने पेलायचा असतो. मोठ्या प्रवासी विमानांच्या नियमांत आणीबाणीतल्या उतरण्यासाठी पुढच्या दिशेने ९ जी, म्हणजे वजनाच्या नऊपट जोर, धरतात. म्हणजे ८० किलोच्या भरलेल्या ट्रॉलीचा रेटा ७२० किलोइतका. कप्प्याचं तोंड विमानाच्या नाकाकडे असेल तर हा सगळा रेटा लॅचवर येतो. तोंड शेपटीकडे असेल तर टेकऑफला नाक वर होताना ट्रॉली बाहेर यायला बघते.

आधी दोष कुणाचा ते शोधा. ट्रॉली बाहेर काढून टॉर्चने कप्प्याची मागची भिंत पाहा. तिथले रबरी बंपर झिजले किंवा पडले की अशीच फट राहते. मग दुसरी, घट्ट बसणारी ट्रॉली याच कप्प्यात घालून बघा. तीही हलली तर दोष कप्प्याचा, नाही हलली तर ट्रॉलीचा. अ‍ॅटलास आणि केएसएसयू ही गॅलीच्या सामानाची दोन वेगळी मापं आहेत; कप्पा एका मापाचा आणि ट्रॉली दुसऱ्या असं झालं नाही ना, हेही पाहा.

लॅच बोटाने टिचकी मारल्यावर सैल फिरत असेल तर तो हादऱ्यांनी आपोआप सुटू शकतो. आणि कृपा करून मागे पुठ्ठा कोंबू नका! तो दबतो आणि फट परत येते.

उत्तर २
अर्ध्या ट्रॉलीच्या मागे रिकामी जागा ठेवायची नाही. मागे दुसरी अर्धी ट्रॉली हवी, नाहीतर त्या कप्प्याला मधला अडसर असेल तर तो लावा. दोन्ही नसेल तर ट्रॉली दुसरीकडे हलवा. कप्प्यावरच्या पाटीवरची वजनमर्यादाही वाचा.

प्रश्नकर्ता
दुसरी ट्रॉलीही तेवढीच हलली. डावा बंपर अर्धा तुटलाय.

उत्तर १
मग कप्पा रिकामा करा, लॅच बंद करा आणि कॅप्टनला सांगा. केबिन लॉगबुकात ‘ट्रॉली सैल’ एवढंच लिहिलंत तर दुरुस्तीवाला लॅच घट्ट करून निघून जाईल. गॅली आणि कप्पा क्रमांक, ‘मागचा डावा बंपर तुटलेला, दोन ट्रॉल्या घालून पाहिल्या’ असं स्पष्ट लिहा. तो कप्पा त्या फेरीत वापरायचा की नाही, हे तुमच्या कंपनीच्या एमईएलप्रमाणे (काय बिघडलेलं असताना उड्डाण चालतं त्याची यादी) ठरेल.

उत्तर २
तिथे आहातच तर कॉफीचं भांडंही जागेवर नीट अडकलंय का बघा. खटका पूर्ण खाली बसल्यासारखा वाटतो, पण भांडं ओढून पाहिल्याशिवाय खरं कळत नाही.