नागपुरात फोरव्हीलरशिवाय राहायचं आहे: घर कुठे पाहावं, उन्हाळ्याचं काय करावं?

नवी_भाडेकरू

भाड्याचं घर पाहणं सुरू आहे. नोकरी मिहानमध्ये (विमानतळाजवळचं कंपन्यांचं औद्योगिक क्षेत्र). घरात चौघं: आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या सासूबाई. एक स्कूटी आहे. फोरव्हीलर घ्यायची नाही हे पक्कं आहे, तेव्हा कृपया "घेऊनच टाका" असा सल्ला नको. मनीषनगर, त्रिमूर्तीनगर आणि शंकरनगर इथे घरं बघितली आहेत. यातलं कोणतं घ्यावं? मे महिन्यात रोजचं जाणं-येणं कसं जमवावं? आणि रात्री-बेरात्री दवाखान्याची वेळ आली तर काय तयारी ठेवावी?

ऑरेंज_लाइन

ताई, निम्म्याहून जास्त काम घराच्या निवडीतच होऊन जातं. भाडं दोन हजारांनी जास्त असलं तरी चालेल, पण मेट्रो स्टेशन पायी आठ-दहा मिनिटांच्या आत हवं, म्हणजे साधारण ७०० मीटर. त्याहून लांब असेल तर जानेवारीत काही वाटत नाही, पण एप्रिल उजाडला की रोज ऑटो लागतो. मग महिन्याचा हिशोब बिघडतो आणि चिडचिड होते ती वेगळीच.

मिहानसाठी तुम्हाला मेट्रोची ऑरेंज लाइन लागेल (ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी). शंकरनगर ॲक्वा लाइनवर आहे (लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर), म्हणजे रोज बर्डीला (सीताबर्डी स्टेशनवर) गाडी बदलावी लागेल. बदल स्टेशनच्या आतच होतो, बाहेर पडायची गरज नाही. तरी जिने चढणं आणि पुढच्या गाडीची वाट पाहणं धरून दहा-पंधरा मिनिटं जास्त ठेवा. त्रिमूर्तीनगर दोन्ही लाइनींपासून आत आहे, ते यादीतून काढून टाका.

मनीषनगरला एक गोची आहे. नाव एकच, पण पसारा मोठा. दलाल पार बेसा-बेलतरोडीकडचं घरही मनीषनगर म्हणूनच दाखवतात. शिवाय वस्ती आणि वर्धा रोड यांच्या मधून रेल्वेलाइन जाते, त्यामुळे नकाशावर उज्ज्वलनगर स्टेशन हाकेच्या अंतरावर दिसलं तरी पायी वळसा पडतो. घर पाहायला संध्याकाळी जाऊ नका. दुपारी तीनला जा आणि घराच्या फाटकापासून स्टेशनपर्यंत खरोखर चालून पाहा. फुटपाथ कुठे तुटतो, सावली कुठे संपते, रस्ता कुठे ओलांडावा लागतो, सगळं लगेच कळतं.

माझं मत विचाराल तर सोमलवाडा, जयप्रकाशनगर, छत्रपती चौकाच्या आसपास शोधा. वस्ती जुनी, झाडं बऱ्यापैकी आणि गाडी थेट खापरीची. फक्त खापरीला उतरल्यावर तुमच्या कंपनीचं गेट किती लांब आहे ते आधी पाहून ठेवा. मिहान अफाट पसरलेलं आहे. कंपनीची बस स्टेशनवरून माणसं घेते का, हे घराचा करार करण्याआधी विचारा.

मेट्रोचं महा कार्ड काढून घ्या, रोज तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागणार नाही. मेट्रो साधारण सकाळी सहा ते रात्री दहा चालते. रात्री उशिराच्या रेल्वेसाठी तिच्यावर विसंबू नका.

मडगार्डवाला

स्टेशन दीड-दोन किलोमीटरवर असलं तरी सायकलने निभतं, आणि आपल्या मेट्रोत सायकल नेताही येते. लिफ्टने वर न्या, गर्दीची वेळ टाळा.

सायकल घेताना गिअर किती याकडे कमी बघा. टायर १.७५ ते २ इंच रुंद हवा, दोन्ही चाकांना पूर्ण मडगार्ड हवेत आणि मागचं कॅरिअर २५ किलोचं वजन पेलणारं हवं. बारीक टायर आपल्या इथल्या रस्त्यांच्या सांध्यांत अडकतो. बाभळीचे आणि गोखरूचे काटे मोकळ्या प्लॉटच्या कडेला हमखास असतात, तेव्हा ट्यूबमध्ये पंक्चर-सीलंट भरून घ्या.

उन्हात ट्यूब फुटते ती हवा जास्त झाल्यामुळे, असं सगळे म्हणतात. थोडं गणित करून पाहा. सकाळी २५ अंशांना ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेली हवा टायर ५५ अंशांपर्यंत तापला तर ५६-५७ पर्यंत जाते. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ६५ असेल तर त्याने काही होत नाही. दगा देतात ती जुनी पंक्चरं, कारण ठिगळाचं सोल्यूशन उन्हाने मऊ पडतं आणि कड सुटते. मार्चअखेर दोन-तीन ठिगळं असलेली ट्यूब बदलून टाका आणि सायकल सावलीत लावा. पावसाळ्यात भिजून आल्यावर चेन कापडाने कोरडी करून प्रत्येक कडीवर एक-एक थेंब तेल सोडा, वरचं पुसून घ्या. तेल जास्त झालं की चिखल धरतं आणि चेन झिजते.

मे महिन्यात दुपारी बारा ते चार सायकल नाहीच. इथे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, यावरून काय ते समजा. सकाळी नऊच्या आत निघा, डोक्याला-कानांना दुपट्टा ओला करून घट्ट बांधा, निघण्याआधी दोन ग्लास पाणी प्या आणि पोहोचल्यावर एकदम एसीत शिरण्याआधी पाच मिनिटं सावलीत थांबा. घाम येणं थांबलं, डोकं जड झालं, मळमळलं तर तिथेच सावलीत थांबायचं आणि मदत मागायची. थोडंच राहिलं म्हणून पुढे रेटू नका.

महालकर

दवाखान्याचं सांगतो, कारण बहुतेक घरांत फोरव्हीलर याच भीतीपोटी येते.

खरी आणीबाणी असेल तर १०८. छातीत दुखतंय किंवा तोंड वाकडं झालंय अशा वेळी स्वतःच्या कारपेक्षाही अँब्युलन्स बरी, त्यात ऑक्सिजन आणि डॉक्टर असतात. घराचा पत्ता, जवळची खूण आणि मजला कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही. जवळच्या खासगी दवाखान्याच्या अँब्युलन्सचा नंबरही त्याच कागदावर असू द्या.

नेहमीच्या तपासणीसाठी गल्लीतला एक ऑटोवाला बांधून ठेवा. दर आधी ठरवा, थांबण्याचे पैसे वेगळे द्या, तो वेळेवर येतो. फोनमध्ये टॅक्सीचं एकच ॲप ठेवू नका, पावसात आणि लग्नसराईत एकावर गाडी मिळत नाही. आजींना मेट्रोने न्यायचं असेल तर स्टेशनांवर लिफ्ट आहे. पण रेल्वे स्टेशनचं मेट्रो स्टेशन संत्रा मार्केटच्या बाजूला आहे, आणि रेल्वेगाडी एक नंबर प्लॅटफॉर्मवर असेल तर सगळे प्लॅटफॉर्म ओलांडावे लागतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी त्या दिवशी सरळ मुख्य दारापर्यंत ऑटो करा. एअरपोर्ट स्टेशनही टर्मिनलला लागून नाही, सामान असेल तर पुढची सोय आधी बघा.

घरचे खर्चावरून टोकत असतील तर हा हिशोब दाखवा. समजा ८ लाखांची कार, आठ वर्षांनी अडीच लाखांना विकली. किमतीतली घट महिन्याला ५,७३० रुपये. अडकलेल्या पैशाचं (सरासरी सव्वापाच लाख) साडेसहा टक्क्यांनी बुडालेलं व्याज सुमारे २,८४०. विमा २० हजार वर्षाला धरला तर १,६७०, सर्व्हिसिंग ८३०. महिन्याला ४०० किलोमीटर फिरलात तर पेट्रोल २,८०० च्या आसपास. एकूण १३,८७०, म्हणजे किलोमीटरला जवळपास ३५ रुपये. ऑटो महाग वाटतो कारण त्याचे पैसे डोळ्यांसमोर हातातून जातात.

नवी_भाडेकरू

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमलवाड्यात शोध सुरू करते. दोन शंका राहिल्या: महिन्याचा किराणा आणि कुलरच्या ताट्यांसारखं (कुलरच्या बाजूंना बसवायच्या गवताच्या जाळ्या) अवजड सामान कसं आणायचं? आणि सुटीला रामटेक, पेंचला जायचं झालं तर?

महालकर

किराणा इतवारीतून घेत असाल तर मेट्रोने चितार ओळी चौक किंवा अग्रसेन चौकाला उतरा, पुढे पायी जा. तांदळाचा कट्टा, तेलाचा डबा असं जड सामान दुकानदाराकडूनच ई-रिक्षात घालून घरी पाठवायला सांगा, भाडं आधी बोलून घ्या. भाजीसाठी मात्र जवळचा आठवडी बाजार गाठा. चार किलो भाजी आणि सांभाराची (कोथिंबिरीची) जुडी सायकलच्या कॅरिअरवर सहज येते. ताट्या मार्चमध्येच आणून ठेवा. मे महिन्यात त्याही मिळत नाहीत आणि त्या बसवून देणारा माणूसही.

रामटेक एसटीने करा, गणेशपेठहून बस आहे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, वयाच्या पुराव्यासाठी आजींचं आधार कार्ड सोबत ठेवा. पेंचला दिवसभराची टॅक्सी परवडते. ठरवताना चार गोष्टी विचारून घ्या: किमान किती किलोमीटरचे पैसे घेणार, ड्रायव्हरचा भत्ता, टोल-पार्किंग कोणाकडे, आणि मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या गेटने जायचं असेल तर परमिटचा खर्च.

स्वतः चालवायची कार भाड्याने घ्यायची असेल तर नंबरप्लेट काळी, अक्षरं पिवळी असल्याची खात्री करा. पांढऱ्या प्लेटची ओळखीतली गाडी पैसे देऊन घेतली आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.