‘एंटिटी’ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

दारव्हेकर: शेतकरी उत्पादक कंपनीच्या कागदात ‘सेपरेट लीगल एंटिटी’ येते. भाषांतरात कुठं ‘घटक’, कुठं ‘अस्तित्व’. गावच्या सभेत कोणता शब्द सांगावा? अन् मूळ शब्द आला कुठून?

धातुपाठ: मूळ लॅटिन. ‘एसे’ म्हणजे असणे, त्यावरून ‘एन्स’ म्हणजे असणारं, आणि भाववाचक प्रत्यय लागून ‘एन्टितास’. आपला ‘अस्’ धातू याच मुळाचा. ‘अस्ति’ आणि लॅटिन ‘एस्त’ शेजारी ठेवून बघा. ‘अस्’पासून ‘सत्’, त्याला ‘ता’ लागून ‘सत्ता’. घडणीनं ‘एंटिटी’चा सख्खा भाऊ हाच, पण मराठीत सत्ता म्हणजे अधिकार, म्हणून इथं निरुपयोगी. ‘अस्तित्व’ हे अस्ति + त्व, नुसतं ‘आहे’पण, वेगळेपण दाखवायला ‘स्वतंत्र’ जोडावंच लागतं. ‘अस्मिता’ (अस्मि + ता, ‘मी आहे’पण) तर योगसूत्रात पाच क्लेशांपैकी एक. कागदात ती नको.

हिशेबनीस, आर्वी: ‘घटक’ आधी खोडा. घटक म्हणजे मोठ्या वस्तूचा भाग. इथं अर्थ नेमका उलटा आहे. ‘स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती’ लिहा. किमान 10 उत्पादक मिळून कंपनी नोंदवतात, पण नोंदणी झाली की ती त्या दहांपेक्षा वेगळी. तिचं पॅन वेगळं, खातं वेगळं, करार आणि दावा तिच्याच नावानं. सभासद वारला तरी कंपनी राहते. इंग्लंडमध्ये 1897च्या सॉलोमन खटल्यात हे तत्त्व पक्कं झालं. चूक होते ती इथं: तुरीचे पैसे संचालकाच्या घरच्या खात्यात घेतले जातात. मग कंपनीचे किती अन् त्याचे किती, हे लेखापरीक्षणात सिद्ध करता येत नाही.

धुरा: सभेत वाटणीचं उदाहरण द्या, लगेच समजते. भाऊ येगये निंघाले, चुली न्याऱ्या झाल्या, वावरात धुरा (बांध) पडला; पण सातबाऱ्यावर नावं सामाईकच असतील तर कागदावर काहीच वेगळं नाही. महसूल संहितेच्या कलम 85खाली तहसीलदाराकडून वाटप, मग पोटहिस्स्याची मोजणी, फेरफार, तेव्हा सातबारा न्यारा होते. कंपनीची नोंदणी म्हणजे तिचा न्यारा सातबारा.

दारव्हेकर: म्हणजे सगळीकडे ‘स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती’ चालेल?

हिशेबनीस, आर्वी: नाही. अर्जातल्या ‘एंटिटी टाइप’च्या रकान्यात एकट्या मालकाचं कृषी केंद्रही येते, आणि कायद्यानं मालक अन् दुकान एकच. तिथं ‘व्यवसायाचं स्वरूप’ लिहा.