भिगवणचे पक्षी टिपण्यासाठी फोन पुरेल की वेगळा कॅमेरा घ्यावा?

प्रश्न

येत्या हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणला, रोहित पक्षी पाहायला जाण्याचा विचार आहे. माझ्या फोनला पाचपट ऑप्टिकल झूम आहे आणि घरातले वा निसर्गदृश्यांचे फोटो त्यावर उत्तम येतात. परंतु लांबचा पक्षी टिपला की त्याची पिसे रंगाने सारवल्यासारखी सपाट दिसतात. फोनवर ५० मेगापिक्सेल लिहिलेले असताना २४ मेगापिक्सेलचा जुना डीएसएलआर सरस का ठरतो, हे जाणकारांनी कारणांसह सांगावे.

प्रतिसाद १

मेगापिक्सेलऐवजी सेन्सरचे, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचे, क्षेत्रफळ पाहावे; ते जितके मोठे, तितका जास्त प्रकाश मिळतो. फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या आकाराचा) सेन्सर ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी असतो आणि एपीएस-सी, म्हणजे बहुतेक डीएसएलआरमधला त्याहून लहान सेन्सर, साधारण ३७०. २०२२ साली शाओमी १२एस अल्ट्रामध्ये आलेला ‘एक इंची’ सेन्सर फोनच्या मानाने खूप मोठा, तरी तो जेमतेम ११६ चौरस मिमी भरतो, आणि टेलिफोटो भिंगामागचा सेन्सर बहुधा याहून बराच लहान असतो.

आता तुमच्या पिसांविषयी. पाचपट झूम म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबाने सुमारे १२० मिमीची लेन्स (हा आकडा जितका मोठा, तितका पक्षी जवळ दिसतो). पक्ष्यांसाठी ६०० मिमी हवे असेल, तर उरलेले अंतर फोटो कातरूनच गाठावे लागते. लांबी आणि रुंदी प्रत्येकी पाचपट घटल्यामुळे क्षेत्रफळाचा पंचविसावा भाग शिल्लक राहतो. टेलिफोटो १२ मेगापिक्सेलचा असेल, तर हाती अर्धा मेगापिक्सेलसुद्धा लागत नाही. त्यापुढचा तपशील सॉफ्टवेअर अंदाजाने भरते, आणि तोच तुम्हाला सारवल्यासारखा दिसतो.

प्रतिसाद २

वरील हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून फोनला कमी लेखणे मला पटत नाही. २०१८ मध्ये गूगलने पिक्सेल फोनांवर ‘नाइट साइट’ आणले, तेव्हापासून अंधारातल्या छायाचित्रणाचे गणितच बदलले आहे. फोन लागोपाठ अनेक फ्रेम घेतो, हात हलल्यामुळे सरकलेल्या फ्रेम एकमेकींवर जुळवतो आणि त्यांची सरासरी काढतो. नऊ फ्रेम नीट जुळल्या, तर नॉइज (फोटोतले दाणेदार ठिपके) एक-तृतीयांशावर येतो. मंदिराच्या अंधाऱ्या सभामंडपात हातात धरलेला फोन जे देतो, ते कॅमेऱ्यातून मिळवायला ट्रायपॉड किंवा संगणकावरची बरीच मेहनत लागते.

मात्र हे सारे दृश्य स्थिर असेपर्यंतच. उडत्या रोहिताचे पंख प्रत्येक फ्रेममध्ये निराळ्या जागी असतात, त्यामुळे तेवढ्या भागापुरती सरासरी सोडून द्यावी लागते आणि सेन्सरचा लहानपणा तिथेच उघडा पडतो.

प्रतिसाद ३

वापरलेला एपीएस-सी कॅमेरा आणि ७०-३०० मिमी लेन्स घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. १.५ च्या क्रॉपमुळे (लहान सेन्सर दृश्याचा मधलाच भाग टिपतो म्हणून) ही लेन्स ४५० मिमीएवढी जवळीक देते, आणि भिगवणला नावेतून पक्षी पाहता येत असल्याने ६०० चा आग्रह नको. शटर मात्र १/१६०० सेकंदाच्या आसपास ठेवावे. स्टॅबिलायझेशन हाताचा कंप सावरते, पंखांची हालचाल नव्हे.

फोनच वापरायचा असेल, तर स्पॉटिंग स्कोपला (पक्षी पाहण्याच्या एकनळी दुर्बिणीला) अडॅप्टरने जोडून काठावरून चांगले फोटो मिळतात, कारण मग मोठे करण्याचे काम काचेकडे जाते. स्कोपला पक्का ट्रायपॉड लागतो, त्यामुळे डोलत्या नावेत त्याचा उपयोग नाही.

प्रश्नकर्ता

आभार. नावेतूनच जाणार असल्याने वापरलेला कॅमेरा शोधतो. थव्यासह जलाशयाचे विस्तृत दृश्य फोनवरच घेईन.