पेड पेंडिंग आहे, सौर कृषी पंप घ्यावा की फीडर सौर होईपर्यंत थांबावं?

डाळिंब_सांगोला

तालुका सांगोला, एकूण ४ एकर. ३ एकर डाळिंब १४ बाय १० फुटांवर, पूर्ण ठिबक. १ एकर नेपिअर (चाऱ्याचं गवत). विहीर ५५ फूट, मे महिन्यात पाणी ४५ फुटांवर जातं. बागेचं वरचं टोक विहिरीपासून २०० मीटरवर आणि सुमारे २० फूट चढावर. ५ एचपीच्या वीजजोडणीचे पैसे भरलेले आहेत, पोल अजून आलेले नाहीत. आता ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’साठी विचारणा झाली आहे. त्याच वेळी आमच्या सबस्टेशनवर सौर कृषी वाहिनीचा प्रकल्प येतोय असंही कळतं.

प्रश्न असा की या दोन्हींत नेमका फरक काय? सौर पंप घेतला तर ५ एचपीवर वरच्या टोकाच्या ड्रिपरपर्यंत प्रेशर मिळेल का? आणि बसवून घेताना काय तपासायचं? कृपया आकड्यांत सांगा, ‘चांगला चालतो’ एवढ्यावर निर्णय होत नाही.

वाहिनी_३३केव्ही

दादा, दोन्ही योजनांत ‘सौर’ आहे म्हणून लोक गल्लत करतात. गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, २०२३ पासून तिचा २.० हा टप्पा चालू आहे आणि उद्दिष्ट १६,००० मेगावॉटचं आहे. यात तुमच्या शेतात काहीच बसत नाही. ३३/११ केव्ही सबस्टेशनजवळ काही मेगावॉटचा प्रकल्प उभा राहतो, वीज शेतीच्या फीडरवर (सबस्टेशनपासून शेतांकडे जाणाऱ्या लाइनवर) सोडतात आणि त्या फीडरला दिवसा पुरवठा मिळतो. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॉटचा प्रकल्प याच प्रकारचा. म्हणजे फायदा त्याला, ज्याच्याकडे आधीच जोडणी आहे. तुमच्या बांधापर्यंत लाइनच नसेल तर फीडर सौर होऊन तुम्हाला काहीच मिळत नाही. पोल, तारा आणि डीपीची (ट्रान्सफॉर्मरची) वाट तुम्हाला तरीही बघावीच लागणार, म्हणून फीडरसाठी थांबू नका.

‘मागेल त्याला’ ही योजना केंद्राच्या पीएम-कुसुमच्या घटक ‘ब’वर (शेतात स्वतंत्र सौर पंप) उभी आहे. लाभार्थी हिस्सा सर्वसाधारण गटाला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. क्षमता जमिनीवरून ठरते: २.५ एकरपर्यंत ३ एचपी, त्यापुढे ५ एकरपर्यंत ५ एचपी, ५ एकरच्या वर ७.५ एचपी. तुमच्या ४ एकरांना ५ एचपी बसतो. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा त्यातच येतो.

पैशाच्या हिशेबाने पाहिलं तर ७.५ एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे आणि तो निर्णय मार्च २०२९ पर्यंतचा आहे. त्यामुळे बिल वाचतं म्हणून सौर पंप घ्या, हा सल्ला तुमच्या बाबतीत लागू होत नाही. लाइनच्या मोटारीला आज बिल नाही आणि सौर पंपालाही नाही. निर्णय पाणी कोणत्या तासाला मिळणार, किती उंचीवर चढणार आणि बिघाड झाला तर कोण किती दिवसांत येणार, यावर करा.

अर्जाआधी सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का बघा. बरेच अर्ज तिथे अडतात. जमीन सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांची ना हरकत लागते. जलसंधारणाच्या कामातल्या साठ्यावर हा पंप मंजूर होत नाही, विहीर, बोअर, नदी किंवा स्वतःचं शेततळं चालतं.

हेड_आधी_मोजा

प्रेशरचा हिशेब मांडून देतो. एचपी हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवा आणि हेड काढा, म्हणजे पंपाला पाणी एकूण किती मीटर ढकलायचंय ते.

मेमधली पातळी ४५ फूट, म्हणजे १४ मीटर. चढ २० फूट, म्हणजे ६ मीटर. पाइपमधलं घर्षण: तासाला १५,००० लिटर प्रवाह धरला तर ७५ मिमी पाइपला २०० मीटरमध्ये साधारण ३ ते ३.५ मीटर जातात, ६३ मिमीला तेच ८ मीटरच्या आसपास. ठिबकला ड्रिपरपाशी १ किलो प्रेशर हवं, म्हणजे १० मीटर, आणि फिल्टर, व्हॉल्व्ह, सबमेनचे आणखी ५ मीटर धरा. ७५ मिमी पाइप असेल तर बेरीज ३८ मीटर होते, ६३ मिमी असेल तर ४३. पाइप कोणता आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण फरक किती पडतो ते यावरून दिसेल.

आता पाणी किती निघेल? १००० लिटर पाणी १ मीटर उचलायला २.७ वॉट-तास लागतात, हे भौतिकशास्त्र आहे, कंपनी कोणतीही असो. ५ एचपीला सुमारे ४,८०० वॉटचे पॅनल येतात. आपल्याकडे निरभ्र दिवशी त्यातून २० युनिटच्या आसपास ऊर्जा मिळते. कंट्रोलर (पॅनलची वीज मोटरीला चालेल अशी करून देणारा डबा), मोटर, पंप सगळ्यांची गळती जाऊन ४० टक्के पाण्यात उतरते, म्हणजे ८ युनिट. ३८ मीटर हेडला १००० लिटरमागे १०३ वॉट-तास जातात. भागाकार केला की दिवसाला ७५ हजार लिटर.

गरज बघा. १४ बाय १० ला एकरी ३११ झाडं, ३ एकरांत ९३० धरू. भर उन्हाळ्यात झाडामागे ५० लिटर दिले तरी साडेसेहेचाळीस हजार. १ एकर नेपिअरला रोज ६ मिमी म्हणजे २४ हजार. एकूण ७० हजार. बसतंय, पण काठावर. मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीची फुलं) धरत असाल तर एप्रिल-मेमध्ये बाग ताणावर, म्हणजे पाणी तोडलेली असते, तेव्हा अडचणच नाही. आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीची फुलं) असेल तर फळं पोसायच्या वेळी कडक ऊन असतं आणि तेव्हा हे सगळं पाणी खरोखर लागतं.

खरी गोम वेगळी आहे. सौर पंपाचं प्रेशर दिवसभर सारखं नसतं. सकाळी साडेआठला मोटर फिरते, पण पूर्ण वेग नसतो, आणि वेग कमी झाला की हेड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात पडतं. वेग ८० टक्क्यांवर आला तर हेड ६४ टक्के उरतं. म्हणून सकाळी खालच्या झाडांना पाणी जातं आणि वरच्या टोकाचे ड्रिपर कोरडे राहतात. उपाय: बाग तीन-चार सेक्शनमध्ये तोडा, वरचा सेक्शन ११ ते २ मध्ये चालवा, खालचा सकाळी, आणि नेपिअर दुपारी साडेतीननंतर. पोस्टात ‘५ एचपी’ एवढंच सांगून भागत नाही तसंच सर्वेक्षणाच्या वेळीही भागणार नाही. ३८ मीटर हा आकडा सांगा आणि त्या हेडला योग्य तेवढ्या स्टेजचा (आतल्या पंख्यांच्या टप्प्यांचा) पंप मागा. कमी हेड, जास्त पाणी देणारा पंप माथी मारला गेला तर विहिरीच्या काठावर धार छान दिसते आणि बागेत ठिबक चालत नाही.

ज्यांचा ऊस आहे त्यांनीही वाचा: ४ एकरांना पाटाने एक पाळी साडेसहा सेंटिमीटरची धरली तर साडेदहा लाख लिटर लागतात. ठिबकचं प्रेशर वजा जाता हेड २३ मीटर उरलं तरी या पंपाला आठ-नऊ दिवस सलग ऊन लागेल.

डाळिंब_सांगोला

फार उपयोगी. पाइप ६३ मिमी आहे. आंबिया बहारच धरतो.

हेड_आधी_मोजा

मग मेन लाइन ७५ मिमीची करा. ४३ मीटरला तोच पंप ६७-६८ हजारांवर येतो आणि तुमची गरज ७० आहे. पाइप बदलण्याचा खर्च एकदाच होतो आणि रोज सात-आठ हजार लिटर पदरात पडतं.

कंट्रोलर_दुरुस्ती

बसवताना आणि नंतर काय बिघडतं ते लिहितो.

पॅनलच्या मागची पट्टी वाचा. ५४० वॉटचे ९ असतील तर ४,८६० होतात. प्रत्येकाचा सीरियल नंबर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चोरी झाली किंवा वादळात उडाले तर विम्याला आणि पोलीस ठाण्यात तेच लागतात.

पाया. मुरमाड जमीन असेल तर ठीक, काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि उथळ पाया हलतो. काँक्रीट ओतल्यावर निदान सात दिवस पाणी मारल्याशिवाय स्ट्रक्चरवर पॅनल चढवू देऊ नका. घाईत दुसऱ्याच दिवशी चढवलेले वळवाच्या वाऱ्यात तिरके होतात. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, आणि पूर्व-पश्चिमेला झाड नको. हे पॅनल एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले असतात, त्यामुळे बाभळीच्या एका फांदीची सावली दोन पॅनलवर आली तरी परिणाम सगळ्या मोटरीवर दिसतो. शेजारच्याचा ऊस दहा-बारा फूट होतो हेही लक्षात घ्या.

अर्थिंग तीन वेगळ्या हवीत: स्ट्रक्चर, कंट्रोलर आणि वीजरोधक. एकाच खड्ड्यात तिन्ही वायरी बांधल्या तर जवळ वीज पडल्यावर तो झटका थेट कंट्रोलरमध्ये जातो.

चालू केल्यावर मोटर फिरते पण पाणी निम्मंच येतं आणि करंट कमी दाखवतो, तर बहुतेक वेळा मोटर उलटी फिरतेय. कंट्रोलर आणि डीसी स्विच बंद करून तिन्हींपैकी कोणत्याही दोन फेज अदलाबदल करा. ‘ड्राय रन’ (पंप पाण्याविना फिरतोय) दाखवून सारखा बंद पडत असेल तर विहिरीत पाणी आहे का आधी बघा, मग फूट व्हॉल्व्ह आणि सक्शनची हवा.

एक गोष्ट जीवावर बेतते. ९ पॅनल सिरीजमध्ये म्हणजे उघड्या सर्किटला ४०० व्होल्टच्या वर डीसी. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. मोटर चालू असताना पॅनलखालचे कनेक्टर ओढायचे नाहीत. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी स्विच, मग हात. पॅनल उन्हात आहे तोवर वायरीत व्होल्टेज असतंच, रात्रीचं काम सोडून ‘लाइन बंद केली’ असं इथे नसतं.

आणि मोटर जळाली तर गावातल्या रिवाइंडिंगवाल्याकडे नेऊ नका. सौर पंपाची मोटर कमी व्होल्टेजसाठी गुंडाळलेली असते. त्याने सवयीने ४१५ व्होल्टचं वाइंडिंग भरलं तर ती मोटर फिरेल पण जोर घेणार नाही, आणि बाहेर उघडली म्हणून हमीही जाईल.

धुणं: सकाळी ऊन चढण्याआधी, मऊ फडक्याने. बोअरचं जड पाणी काचेवर वाळू दिलं तर पांढरा थर बसतो आणि तो नुसत्या पाण्याने निघत नाही.

माळरान_४१३

‘थांबू नका’ हे मान्य, पण ज्यांच्याकडे लाइन आहे त्यांनी ती सोडून सौर पंपाच्या मागे लागू नये. लाइनवर ढगाळ दिवशीही मोटर पूर्ण वेगाने चालते.

वाहिनी_३३केव्ही

बरोबर, फक्त एक भर. फीडर दिवसाचा झाला की डीपीवरचे सगळे पंप एकाच वेळी सुरू होतात. १०० केव्हीएच्या डीपीवर ५ एचपीचे १६-१७ पंप हीच मर्यादा आहे. कपॅसिटर (मोटरीचा लाइनवरचा करंट कमी करणारा छोटा डबा) नसलेले आणि न नोंदवलेले पंप धरून २५ चालले की व्होल्टेज पडतं, मोटर जास्त करंट ओढते, डीपी जळते. तेव्हा प्रकल्प आल्यावर डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून ५ एचपीला २ केव्हीएआर, ३ एचपीला १ केव्हीएआरचा कपॅसिटर बसवून घ्या. सौर प्रकल्पाने वीज दिवसा येईल, पण डीपीची क्षमता वाढत नाही.

ज्यांची माळाची जमीन सबस्टेशनजवळ आहे त्यांना भाडेपट्ट्याचाही मार्ग आहे, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. १ मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, म्हणून शेजारच्यांनी मिळून सलग तुकडा दिला तर विचार होतो. करारातली मुदत आणि कर्जबोजा दोन्ही वकिलाला दाखवा.

भूजल_बघा

पाण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. सौर पंपाला बिल नाही, भारनियमन नाही, त्यामुळे ऊन आहे तोवर तो उपसतच राहतो. सांगोल्यासारख्या भागात ५५ फुटी विहिरीचा पाझर दिवसाला ७० हजार लिटर आहे का, हे आधी मोजा. मेमध्ये एकदा विहीर उपसून दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी किती फूट वर आली ते बघा. १६ फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट म्हणजे साधारण ५,७०० लिटर. रात्रीत पाच फूटच भरत असेल तर २८ हजार झाले, आणि मग पंप ५ एचपीचा असो की ३ चा, पाणी तेवढंच.

डाळिंब_सांगोला

विहीर १८ फुटी आहे. गेल्या मेमध्ये उपसल्यावर रात्रीत नऊ फूट आली होती.

भूजल_बघा

१८ फुटीला फुटामागे ७,२०० लिटर, म्हणजे रात्रीचे ६५ हजार, दिवसा चालू असताना येणारा पाझर वेगळा. डाळिंब निभावेल. नेपिअर मेमध्ये अर्ध्या एकरावर आणा. सर्वेक्षणाला येतील तेव्हा ३८ मीटर हेड, ७५ मिमी पाइप आणि हा पाझर, तिन्ही कागदावर लिहून हातात द्या.