प्रतिसाद: मँचेस्टरला नगरपालिका होती कुठे?

वर म्हटलंय की गिरण्या वाढल्या तेव्हा मँचेस्टरला नगरपालिका होतीच. नव्हती! १८३८ पर्यंत ते मोझ्ली घराण्याच्या जहागिरीतलं गावच होतं. प्रमुख अधिकारी, म्हणजे 'बरोरीव्ह', जहागिरीचं 'कोर्ट लीट', म्हणजे जहागिरीची स्थानिक न्यायसभा, नेमायचं. बाजारातलं मांस-मासळी तपासणारेही तेच नेमायचं. दिवाबत्ती, साफसफाई, रात्रीचा पहारा १७९२ च्या कायद्याने आलेल्या 'पोलीस कमिशनर' नावाच्या मंडळाकडे. कापड व्यापारी रिचर्ड कॉबडेन आणि सहकाऱ्यांनी चळवळ रेटली, तेव्हा १८३८ मध्ये नगरपालिकेची सनद मिळाली. तरी बाजाराचे हक्क मोझ्लींकडेच! नव्या नगरपालिकेने जहागिरीचे हक्क १८४६ मध्ये २ लाख पौंड मोजून विकत घेतले. मला हा व्यवहार सनदेइतकाच मोलाचा वाटतो, कारण तोवर बाजाराची पट्टी जहागीरदाराच्या तिजोरीत जात होती.