क्लिप लावून बायॉस चिप वाचतोय, दर वेळी वेगळीच फाइल येते

प्रश्न:
कॉम्प्युटरच्या बायॉसचं (चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचं) अपडेट चालू असताना वीज गेली, तेव्हापासून मदरबोर्ड मेलाय. पंखा फिरतो, स्क्रीन काळीच. चिप ८ पायांची, ३.३ व्होल्टची, ६४ मेगाबिट. यूएसबी प्रोग्रॅमर (चिप वाचायचं-लिहायचं यंत्र) आणि चिपच्या पायांवर बसणारी क्लिप लावून फ्लॅशरॉम या सॉफ्टवेअरने वाचतोय. चिप ओळखली जाते, फाइलही बरोबर ८३,८८,६०८ बाइटची येते. पण तीनदा वाचली तर तीन वेगळे एमडी५ (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा आकडा; मजकूर तोच तर आकडा तोच). फाइली ताडून पाहिल्या तर सुमारे चारशे बाइट वेगळे, तेही दर वेळी वेगळ्या जागी. पाय आयसोप्रोपिलने पुसले, क्लिप दहा वेळा काढून लावली. बोर्डाचा सिरीयल नंबर आणि लॅनचा मॅक पत्ता (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) याच चिपमध्ये आहे, म्हणून इरेज करायचा (चिप पुसायचा) धीर होत नाही. नवी फाइल थेट टाकून बघू का?

प्रतिसाद १:
अजिबात नको. वाचन डळमळीत आहे म्हणजे लिहिणंही तसंच होणार, आणि एकदा इरेज केलं की आतलं परत मिळत नाही. चिप ओळखायला तीनच बाइट यावे लागतात. ते नीट आले म्हणून अख्खे ८ एमबी नीट येतील असं धरू नका. वाचन चालू असताना ८ आणि ४ नंबर पायांमध्ये व्होल्टेज मोजा. प्रोग्रॅमरवर नाही, चिपच्या पायांवरच. एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) केबल आणि बोर्डावरचा सेल काढलाय ना?

प्रतिसाद २:
तारा किती लांब आहेत? १० सेंमीच्या आत आणा. प्रोग्रॅमर काळ्या बोर्डाचा सीएच३४१ए असेल तर डेटाच्या तारांवरही मीटर लावा; त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर चिपला ३.३ मिळतात, पण डेटावर ५ व्होल्ट येतात.

प्रश्नकर्ता:
तारा आखूड केल्या, फरक नाही. डेटावर ३.३ च आहेत. पण पुरवठ्याचं बघा: नुसत्या प्रोग्रॅमरवर ३.३, क्लिप लावली की २.९, वाचन सुरू झालं की २.६. डेटाशीटमध्ये किमान २.७ लिहिलंय. केबल, सेल, रॅम, सगळं काढलेलं आहे.

प्रतिसाद १:
मग तिथेच दुखणं आहे. ती ३.३ ची लाइन एकट्या चिपची नाही, त्याच लाइनवर चिपसेटही (बोर्डावरची मुख्य चिप) बसलाय. तुमचा एवढासा प्रोग्रॅमर अख्खा बोर्ड जागा करायला बघतोय. क्लिपचा नाद सोडा, हॉट एअरने (गरम हवेने सोल्डर वितळवून) चिप उतरवा. आधी एक नंबर पायाच्या ठिपक्याचा फोटो काढा, शेजारच्या कपॅसिटरांवर कॅप्टॉन (उष्णता सोसणारी) टेप लावा. मग चिप प्रोग्रॅमरच्या अडॅप्टरवर बसवा आणि तिथे ३ आणि ७ नंबर पाय ३.३ ला बांधा. ते तरंगते (कशालाच न जोडलेले) राहिले तर होल्ड (चिपला थांबवणारा सिग्नल) मध्येच लागतो आणि पुन्हा हाच गोंधळ होतो.

प्रश्नकर्ता:
उतरवली. पाच वेळा वाचली, पाचही एमडी५ एकच! हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडल्यावर हेक्स १० या ऑफसेटला (जागी) ५ए ए५ एफ० ०एफ दिसलं, म्हणजे इंटेलचा डिस्क्रिप्टर (चिपमधला कुठला भाग कुठे आहे ते सांगणारा तक्ता) शाबूत. मॅक पत्ता बोर्डावरच्या स्टिकरशी अक्षर न् अक्षर जुळला. ही मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवली, तिच्या प्रतीत फक्त बायॉसचा भाग नवा घातला, बाकीचं जुनंच. लिहिलं, व्हेरिफाय झालं, चिप परत लावली. पहिल्या वेळी बराच वेळ काहीच आलं नाही, मग लोगो आला. दोघांचेही मनापासून आभार.