मदत हवी आहे: मामांना टीबी निघाला, गोळ्या फुकट आहेत, पण आणायला जायचा खर्च?

कोरडवाहू: मामांचा थुंकीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊन अकरा दिवस झाले, अजून एक गोळी पोटात नाही. आशाताई फोनवर म्हणतात, "या आणि घेऊन जा." प्रवासात मामा खोकून बेजार होतात, मामी सोबत लागतेच. मामीचं अर्धं तिकीट धरूनही जाऊन-येऊन दीड हजार, वर दोघांची मजुरी बुडते. मार्ग माहीत असेल तर लगेच सांगा. नुसता धीर नको.

अनुराधा_ना: मामा सध्या कुठे आहेत? तपासणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर (थुंकीतला टीबी शोधणारी मशीन) झाली का? रिफाम्पिसिनला (टीबीचं मुख्य औषध) रेझिस्टन्स आहे की नाही, म्हणजे ते लागू पडेल की नाही, ते रिपोर्टवर असतं. वजन किती?

दादरचा_जुना: सरळ प्रायव्हेटला दाखवा. माझ्या भावाचे महिन्याला दीडेक हजार गेले, पण कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही.

अनुराधा_ना: ज्यांना दीड हजार भाडं जड जातंय त्यांना हा सल्ला कशाला? कोर्स सहा महिन्यांचा. तिसऱ्या महिन्यात पैसे संपले की गोळ्या सुटतात, आणि अर्धवट सोडलेला टीबी पुढे औषधांना दाद देत नाही. नऊ वर्षं या कामात आहे, असे पेशंट हाताने मोठ्या दवाखान्यात नेलेत.

दादरचा_जुना: माझा भाऊ आज ठणठणीत आहे, ताई. अनुभव सांगितला, बास.

मेथीचा_वाफा: गोळ्या सुरू झाल्यावर लघवी नारिंगी होते. माझे वडील घाबरून चार दिवस गोळ्या फेकत होते. मामांना आधीच सांगून ठेवा.

कोरडवाहू: अहो, सुरू तर होऊ देत! मामा ऊसतोडीला कोल्हापूरकडे आहेत, ते लिहायचं राहिलं. थुंकी केज तालुक्यात दिली आणि तिसऱ्या दिवशी टोळी निघाली. रिपोर्ट नंतर आला. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलीय. मामा-मामी मिळून एक कोयता, एक बसला की दुसऱ्याचंही काम थांबतं. रिपोर्टच्या फोटोत सीबीनॅट लिहिलंय, रेझिस्टन्स नाही.

अनुराधा_ना: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! मग केजला जायचंच नाही. आशाताईंकडून मामांचा निक्षय आयडी (टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचा नंबर) मागून घ्या. तो आणि रिपोर्टचा फोटो घेऊन कोप्यांच्या (झोपड्यांच्या) जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, गोळ्या तिथेच सुरू होतील. केजच्या एसटीएसना (तालुक्याचे टीबी सुपरवायझर) फोन करून निक्षयवर ट्रान्स्फर करायला सांगा. कुणी परत पाठवलं तर १८००-११-६६६६ या टीबी हेल्पलाइनवर तिथूनच फोन लावा. पोषणाचे महिना १००० रुपयेही मिळतात (नोव्हेंबर २०२४ आधी ५०० होते), त्यासाठी बँक खातं लागेल. कोपीत लहान मुलं आहेत का?

कोरडवाहू: दोन. धाकटी चार वर्षांची.

अनुराधा_ना: तिलाही सोबत न्या. पाच वर्षांखालच्या मुलांची तपासणी करून टीबी नसेल तर प्रतिबंधाचं औषध देतात. विसरू नका.

शाळामास्तर_६८: थोरल्याच्या शाळेचं काय? आमच्याकडे पूर्वी साखरशाळा (ऊसतोड्यांच्या पोरांची शाळा) भरायची, निम्मी पोरं दुपारी वाढं (उसाचे शेंडे) बांधायला पळायची. गावी हंगामी वसतिगृहात ठेवलं असतं तर

मेथीचा_वाफा: सर, त्याला वेगळा धागा काढा ना.

शाळामास्तर_६८: काढतो. पण पोरगं आज उसात आहे.

कोरडवाहू: मामा-मामी आज सकाळी आरोग्य केंद्रात गेले. तिथले लोक आधी म्हणाले, "तुमच्या जिल्ह्यात जा." मामीने फोन मला लावून दिला, मी १८०० चा नंबर वाचून दाखवला, मग आत घेतलं. वजन ४१ भरलं. दोन वर्षांपूर्वी मामा ५६ किलोचे होते. रोज तीन गोळ्या, पहिली तिथेच सिस्टरसमोर घेतली. धाकटीला उद्या बोलावलंय. पासबुक गावी पत्र्याच्या पेटीत राहिलंय, खातं क्रमांक कुणाला पाठ नाही. अनुराधाताई, पासबुकच्या फोटोवर चालेल का? शेजाऱ्याला पेटी उघडायला सांगतो.